चिनी विमानाच्या वादावरून दिलेल्या तक्रारीबाबत

पुरवणी जबाब

मी संपत पुंजाराम खंदारे, वय ४६ वर्षे, धंदा पाण्याच्या मोटारी रिवायंडिंगचे दुकान, रा. स्टेशन रोड, परतूर, ता. परतूर, जि. जालना.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी वडील पुंजाराम, आई द्वारकाबाई व पत्नी बेबीनंदा यांच्यासह राहतो. वडील हवाई दलात सार्जंट होते व विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती करीत असत. मी लहान असताना ते वर्षातून एकदा सुट्टीवर घरी येत. मी दहावीत असताना ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले. मी त्यांना विमानाबद्दल विचारत असे. “तुला काय करायचं त्याचं? पुस्तक घे,” असे ते म्हणत.

आमच्या वरच्या खोलीत मागील वर्षापासून हरिओम सोनवणे, वय २६, मूळ रा. टेंभुर्णी, हे भाड्याने राहतात. ते खासगी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांची सरकारी नोकरीसाठी निवड झालेली असून चारित्र्य पडताळणी बाकी आहे. ही गोष्ट मला तक्रार देतेवेळी माहीत होती.

दिवाळीनंतर एकदा हरिओम यांनी ओसरीवर वडिलांना मोबाईलमधील एक लेख वाचून दाखवला. त्यात चीनच्या जे-ट्वेंटी या लढाऊ विमानावर परदेशी तज्ज्ञांनी टीका केली होती. हे विमान रडारला दिसू नये असे बनवले आहे, परंतु त्याच्या नाकामागे दोन छोटे पंख आहेत, ते हलले की विमान रडारला दिसणार, म्हणून रचनाच चुकली, असे त्यांचे म्हणणे होते. वडील म्हणाले, “बराबर हाय त्यांचं.” हरिओम म्हणाले, “काका, चीननं काई चांगलं केलं म्हणायला ह्या लोकायला जड जातं. आधी नाव ठेवायचं ठरवतेत अन् मंग कारण हुडकतेत.” वडील म्हणाले, “चीन आपला दोस्त न्हाई. पण म्हणून मी खोटं बोलून राह्यलो का? मशीन मशीन असती.” तेव्हापासून हा वाद रोज चालू झाला.

हरिओम यांचे रात्रीचे जेवण आमच्याकडे होऊ लागले. जेवताना वडील भाकरीचा तुकडा मोडून पंख कुठे व कसा बसतो हे दाखवत आणि तो तुकडा हरिओम यांच्या ताटात ठेवत. मी वडिलांच्या दुसऱ्या बाजूला बसत असे. आई म्हणाली, “किती वर्षांनी बोलायलेत बघ.” मी हो म्हणालो.

मी दुकानात मोबाईलवर सदर विमानाची माहिती पाहू लागलो. त्यामुळे काही गिऱ्हाइकांच्या मोटारी वेळेवर झाल्या नाहीत. एके दिवशी जेवताना मी म्हणालो की, सरळ उडताना तो पंख हलू न देता ठेवता येतो, मग तो रडारला दिसेल कसा? वडील म्हणाले, “हे हरिओमनं मागंच सांगितलं. नवीन काय?” हरिओम म्हणाले, “न्हाई काका, दादाचा मुद्दा वेगळा हाय. ऐका तर खरं.” हरिओम यांनी माझी बाजू घेतली याचा मला राग आला. मी ताटावरून उठलो. वडिलांनी का उठला असे विचारले नाही. ते पुढे बोलत राहिले.

रविवारी मी तांब्याची तार आणण्यासाठी जालना येथे गेलो होतो. दुपारी परत आलो तेव्हा वडील घरी नव्हते. पत्नीने सांगितले की, ते हरिओम यांच्या मोटारसायकलवर तीर्थपुरीला अप्पाराव यांच्याकडे गेले आहेत. अप्पाराव हे हवाई दलात वडिलांसोबत नोकरीस होते. वादात कोण खरे हे त्यांना विचारायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे, असे ठरले होते. जाताना वडिलांनी निळा कोट पत्नीकडून इस्त्री करून घेतला व घालून गेले. हाच कोट माझ्या लग्नात घालावा म्हणून मी विनंती केली होती, तेव्हा त्यांनी तो घातला नव्हता. अप्पाराव यांच्याकडे घेऊन जातो असे मीही त्यांना अनेकदा म्हटले होते. “तू दुकान बघ,” असे त्यांनी सांगितले होते.

त्यानंतर मी या ठाण्यात येऊन तक्रार दिली की, माझ्या वडिलांना विसरण्याचा आजार असून हरिओम सोनवणे यांनी त्यांना फूस लावून अज्ञात ठिकाणी नेले आहे. वडिलांना असा कोणताही आजार नाही. ठिकाण मला माहीत होते. पत्नीने सांगितलेली हकीकत मी तक्रारीत सांगितली नाही.

पोलिसांनी तीर्थपुरी येथे चौकशी केली असता वडील, अप्पाराव व हरिओम हे अप्पाराव यांच्या ओट्यावर बोलत बसलेले मिळून आले. हरिओम यांना लोकांसमक्ष गाडीत बसवून येथे आणण्यात आले. वडीलही त्याच गाडीतून आले. त्यांना उतरण्यासाठी मी हात पुढे केला. ते हरिओम यांच्या खांद्याला धरून उतरले.

ठाण्यात वडिलांनी मला विचारले, “मी कुठं गेल्तो, तुला ठावं होतं का न्हाई?” मी हवालदारांकडे पाहिले. ते म्हणाले, “बेबीनं सांगितलं होतं का न्हाई तुला?” मी हो म्हणालो. हरिओम म्हणाले, “काका, जाऊ द्या. दादाला काळजी वाटली आसंल.” वडील म्हणाले, “काळजी न्हाई ही. संपत, ह्या लेकराच्या नोकरीला डाग लागला तर मी तुझ्या घरात पाणी पेणार न्हाई.” तेथे हजर असलेल्या महिला शिपायाने हरिओम यांच्याकडे बोट दाखवून वडिलांना विचारले, “हे तुमचे धाकटे का?” वडिलांनी हो किंवा नाही काहीच सांगितले नाही.

अप्पाराव यांनी वादाचा काय निकाल दिला हे मी वडिलांना विचारले. त्यांनी सांगितले नाही. हरिओम सांगू लागले, परंतु मी त्यांना थांबवले.

खोटी तक्रार दिल्यास माझ्यावर कारवाई होऊ शकते याची समज मला देण्यात आली आहे व ती मला मान्य आहे. तक्रार का दिली असे साहेबांनी विचारले असता माझे सांगणे एवढेच आहे की, वडील माझे आहेत.

हरिओम सोनवणे यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही व नव्हती. त्यांनी वडिलांना त्यांच्या मर्जीने व त्यांच्याच सांगण्यावरून नेले होते. त्यांच्या चारित्र्य पडताळणीत माझ्या तक्रारीचा अडथळा येऊ नये. हा जबाब मी कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही. हरिओम खोली सोडतो म्हणाले आहेत. मी त्यांना सोडा किंवा राहा, दोन्ही म्हणालेलो नाही.

वडील सुखरूप माझ्या ताब्यात मिळाले, अशी सही मी केलेली आहे. सही करून मी बाहेर आलो तेव्हा वडील हरिओम यांच्यासोबत रिक्षाने पुढे निघून गेले होते. जबाब वाचून घेण्यासाठी मी पुन्हा आत आलो आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिला असून बरोबर आहे.

समक्ष सही
संपत पुंजाराम खंदारे