नव्व्याण्णव टक्के

आमच्या आंबा संघातले कादिरभाई आठवतात ना? कपाटामागे पेंढ्यात आंब्याची आढी लावायचे, तेच. एकदा बागायतदारांची नावं झटकन सापडावीत म्हणून मी डेटाबेसवर इंडेक्स बनवायला लावला. खिडकीबाहेर ही रांग, आणि आकडा नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलेला. वैतागून मी तो रद्द केला, तर पुन्हा शून्यापासून!

कादिरभाई म्हणाले, "आढी सारखी उघडून आंबा पिकतो काय रे? चल, चहा घेऊ."

चहा अर्धाही झाला नव्हता, तर तेच उठले. "थांब, किती टक्के झालं बघून येतो."

आता ते निवृत्त होऊन केळशीला असतात. परवा नवा इंडेक्स लावला आणि त्यांना फोन केला. पहिला प्रश्न, "किती टक्के?"

इंडेक्स केव्हाच पूर्ण झाला होता. तरी मी म्हटलं, "नव्व्याण्णव." तेवढ्यासाठी तरी ते फोन ठेवायचे नाहीत.