वाल्मिकशेठचा फुकट महिना

...आणि वर ऑफिसवाले मलाच विचारतात, "संदेश, ग्राहक नक्की अडकला कुठं?" अहो, अडकला कुठं? नायच अडकला ना! तेच तर दुखणं आहे! सगळ्या शहापूर-मुरबाडमध्ये अडकलेला माणूस एकच, तो हा तुमच्यापुढं उभा आहे, बघून घ्या!

तुमाला पहिल्यापासून सांगतो, मध्ये कोणी उठू नका. मी किन्हवलीचा. ठाण्याला एका कंपनीत कामाला. कंपनी काय करते? तर मंडपवाल्यांसाठी सॉफ्टवेअर. म्हणजे लग्नाला टोप किती गेले, खुर्च्या किती गेल्या, परत किती आल्या, सगळं मोबाइलवर. आणि माझं काम काय? तर नवीन मंडपवाल्यानं नाव नोंदवल्यापासून महिनाभर ते फुकट वापरून बघेपर्यंत त्याची वाट गुळगुळीत करायची. आमच्या नम्रता मॅडम काचेच्या केबिनमधून बाहेर येणार, हात असे हवेत फिरवणार, "संदेश, स्मूद पाहिजे! लोण्यासारखं! माणूस कुठ्ठेही अडकता कामा नये!" आणि जाता जाता गोड आवाजात, "या महिन्यात तुझ्या भागातून पैसे भरणारा एक, फक्त एक ग्राहक आण. मग तू खुशाल घरून काम कर. नाहीतर बेंगलोरच्या टीममध्ये जागा आहेच."

बेंगलोर! लग्नाला चार महिने झालेत हो! माझी बायको, कुणाली, मुरबाडला शाळेत शिकवते. ती इथं आणि मी काय तिकडं एकटा इडल्या मोडत बसू? मला नाय जायचं! मला एक ग्राहक पाहिजे होता, आणि तो मी हेरला. सरळगावचे वाल्मिकशेठ, वाल्मिक मंडप. माझ्या लग्नाचा मंडप त्यांचाच होता.

गेलो. मोबाइल हातात दिला. आणि शेठ पहिल्याच पानावर अडकले! 'पासवर्ड ठरवा. आठ अक्षरं, एक आकडा, एक चिन्ह.' शेठनी गोडाऊनमधून घरात हाक मारली, "अगो भिमी, आपला पासवर्ड काय ठेवू गो?" आतून वहिनी, "माझं नाव ठेवा नि पुढं लग्नाचं साल!" झालं, समोरच्या पानटपरीवाल्याचापण पाठ झाला! पुढं 'ईमेल'. "ते पोराला इचारून सांगतो." पुढं 'कंपनीतील पद'. शेठ विचार करतायत, करतायत... "लिव बाला, मालक. नाय, थांब. टेम्पो बी मीच चालवतो. ते बी लिव."

माणूस अडकता कामा नये! मी काय केलं, सगळं उडवलं! पासवर्ड उडवला, ईमेल उडवला, पद उडवलं. राहिलं काय? नुसता मोबाइल नंबर! नंबर टाका, बटण दाबा, महिना फुकट सुरू!

दाबलं. तर आत रिकामं पान. आता नवीनच आहे, रिकामंच असणार ना? पण शेठचा चेहरा खर्रकन उतरला. "संदेश, ह्याच्यात माझं गोडाऊन रिकामं दाखवतंय रे! चोरीबिरी झाली का?" मॅडमना फोन लावला. "अरे मग सँपल भर ना! चार खोटी गिऱ्हाइकं, चार खोट्या वस्तू, म्हणजे त्यांना कळेल हे चालतं कसं. माणूस अडकता कामा नये!"

भरलं! खोटी नावं टाकायचीच तर आपल्याकडची टाकू म्हटलं, जरा घरचं वाटतं. नावाला नंबर लागतो, खोटा नंबर सॉफ्टवेअर घेईना... मग टाकले माझ्याच मोबाइलमधले! जगनकाका, दोन टोप. गिरजाआत्या, एक झारा. माझे सासरे हनुमानराव, राहणार डोळखांब, नवरदेवाची खुर्ची एक! का? मला काय माहीत का! बोटाला येईल ते लिहीत सुटलो! आणि मध्ये एक पान होतं, 'आठवणीचा मेसेज पाठवायचा का?' तेपण उडवलं. विचारायचंच कशाला? उगाच अडकेल माणूस. थेट पाठव!

आणि गेले की हो मेसेज! सकाळी मी दात घासतोय, तोंडात फेस, आणि गिरजाआत्याचा फोन. "संद्या, तू त्या मोबाइलातला ना? मग सांग तुझ्या वाल्मिकला! म्हणं 'आपल्याकडे एक झारा आहे, कृपया परत करावा'! मी काय झारेचोर हाय का रे मेल्या?" मग जगनकाकांचा. मग सासऱ्यांचा. सासरे म्हणाले, "खुर्ची ना? बरं!" आणि फोन ठेवला.

गाडीला किक मारली, तडक सरळगाव! डोक्यात एकच, शेठ आता मला बांबूनं हाणणार, आणि बांबू काय, त्यांच्याकडं ढिगानं! पोचतो तर काय... गोडाऊनपुढं रांग!

अहो, रांग! कुणाच्या हातात टोप, कुणाच्या डोक्यावर घमेलं, कुणाच्या खांद्यावर सतरंजी! जगनकाकांच्या नावावर मी लिहिले होते दोन टोप, ते घेऊन आले तीन सतरंज्या! "टोप नाय रे माझ्याकडं, आईशप्पथ. पण ह्या हायत, पोराच्या हळदीपासनं. म्हटलं मेसेज आलाय, रिकाम्या हातानं कसं यायचं?" आणि त्यांच्यामागं कोण? गिरजाआत्या! पदराखाली झारा! "गप रे. माळ्यावर सापडला." म्हणजे माझं खोटं खरं निघालं! आणि ज्यांना मेसेज गेलाच नाय, तीपण माणसं आली! एक म्हातारी मला म्हणते, "मला नाय आला बाला, पण यायच्या आधीच देऊन टाकते." वाल्मिकशेठ एकेक टोप उपडा करून बुडाचा ठिपका बघतायत. लाल म्हणजे आपला... "आन् ह्यो हिरवा! अरे ह्यो तर भगीरथचा!" दुसऱ्या मंडपवाल्याची भांडीपण आमच्याच दारात!

एवढ्यात टेम्पो थांबला. टेम्पोत माझ्या लग्नातली सोनेरी खुर्ची, आणि खुर्चीशेजारी माझे सासरे. चार महिने ती त्यांच्या पडवीत होती हो! तिच्यावर बसून चहा प्यायचे! खुर्ची उतरवली, माझ्याकडं बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "जावई, तोंडानं मागितली असती तरी दिली असती." मेलो मी! शरमेनं मान वर होईना.

पण शेठ! शेठ नाचायचे बाकी! तिकडं मॅडम फोनवर किंचाळतायत, "ब्रिलियंट, संदेश! आता तो पैसे भरणारच!" मलापण वाटलं, भरणारच! कुणालीला सांगूनपण टाकलं, "नाय जात मी बेंगलोरला!" तिनं त्या आनंदात पुरणपोळ्या केल्या, मी पाच खाल्ल्या. महिना संपला. पेढे घेऊन शेठकडं गेलो. मोबाइलवर पान आलं, 'पुढे चालू ठेवा' आणि 'बंद करा'. दोन्ही बटणं चांगली मोठी मोठी, मीच केलेली.

शेठनी पेढा तोंडात टाकला. "बाला, गुणाचं हाय रे तुझं. दहा वरसांची भांडी परत आली. बाहेर काय म्हणता कायच राहिलं नाय."

"मग दाबा ना शेठ!"

"तेच म्हणतो. सगळंच आलं, तर आता पाहिजे कशाला?" आणि दाबलं... बंद करा! एका बोटानं! 'खात्री आहे का?' असं विचारणारं पान मध्ये होतं हो, तेपण मीच उडवलं होतं! वर माझ्या पाठीवर थाप, "खरं सांगतो, कुठ्ठं म्हणून अडकलो नाय!"

झालं. बेंगलोर. कुणाली आधी चिडली, मग रडली, मग तिला बघून मी रडलो, मग दोघांनी मिळून बॅग भरली. निघायच्या आदल्या दिवशी वाल्मिकशेठ घरी हजर. हातात छोटा टोप, नवा कोरा, बुडाला लाल ठिपका. "तिकडं एकटा राहशील. ह्याच्यात भात शिजव, माझी आठवण काढ." डोळे भरून आले हो माझे! म्हटलं, गिऱ्हाईक गेलं, पण माणूस मिळाला.

सकाळी रिक्षा दारात, बॅग रिक्षात, टोप मांडीवर, आणि मोबाइल वाजला. 'नमस्कार. आपल्याकडे वाल्मिक मंडपचा १ टोप आहे. कृपया परत करावा.'

फोन लावला. "शेठ! तुमी तर बंद केलं होतं ना?"

"अरे तो माझा नंबर होता! आता लग्नं लागली, भांडी परत बाहेर गेली, म्हणून भिमीच्या नंबरावर घेतलंय. महिना फुकट! पुढच्या महिन्यात टेम्पोवर हमाली करणाऱ्या जैतूच्या नंबरावर. मग साडूच्या. नुसता नंबरच तर लागतो! काय सोपं करून ठेवलंयस रे!"

"अहो पण शेठ, टोप तर तुमी मला प्रेमानं दिलात ना?"

"मग! प्रेमानंच दिलाय! पण ट्रायलवर!"

आसनगाव स्टेशनला निघालेली रिक्षा मी आधी सरळगावला वळवली. काय करणार? मेसेज माझाच... मीच नाय पाळला, तर बाकीचे कसे पाळतील?