सबुरीची गल्ली, घर क्रमांक एक

साबीनो : …आणि मग आई गच्चीतनं वाकून हाक मारायची. साधी हाक नव्हे, गाणंच. 'होड्या वळल्या माघारी, दिवे लागले बंदरी, साबी माझा कुठं राहिला, ये रे पाखरा घरी.' तिसऱ्या मजल्यावरनं! सगळं जुनं बारी शहर ऐकायचं. पोरं हसायची मला. एवढी वर्षं लोटली, पण कानातनं जात नाही ती हाक.

लोरेदाना : गोड आहे, साबीनोकाका. पण गाणं म्हणता म्हणता तुमचे हात गाठोडं बांधतायत. सोडा ते. खाली बसा.

साबीनो : बांधत नाही, आवरतोय. पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस घर आवरतो की नाही?

लोरेदाना : इतकं नका आवरू, की पाहुण्याला वाटावं इथं कुणी राहतच नाही. ते पुठ्ठे परत पसरा. वर घोंगडी टाका. कॉफीची किटली अशी दिसेलशी ठेवा.

साबीनो : ऐका! पोलीस दिसला की पुठ्ठे गुंडाळायचे, एवढी एकच विद्या रस्त्यानं मला शिकवली. आणि या वकीलबाई म्हणतात, पोलीस येतोय, पुठ्ठे पसरा.

लोरेदाना : कारण आजचा पोलीस हाकलायला येत नाहीये, बघायला येतोय. साबीनो देलवेक्कियो नावाचा माणूस जुन्या मासळीबाजाराच्या या कमानीखाली खरंच राहतो का, एवढंच. त्यानं 'राहतो' म्हणून लिहिलं की नगरपालिका तुमची नोंद करणार. नोंद झाली की पत्ता. पत्ता मिळाला की सरकारी खर्चानं डॉक्टर.

साबीनो : म्हणजे घर नाही हे पटवायला मी घरी सापडलो पाहिजे. हा कायदा केला तो माणूस भरपेट जेवून पेंगत होता काय हो?

लोरेदाना : उलट, जागा होता तो. ज्याला छप्पर नाही त्यालाही गाव आहे, असं म्हणतो तो कायदा. झोपता तिथंच तुमचं राहणं. त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. नगरपालिकेच्या खिडकीवरचा तो कारकून म्हणाला ना, 'बघू, साहेबांना विचारतो'? यात विचारायचं काही नाही. हक्क आहे तुमचा. हा काही त्यानं तुम्हाला दिलेला उरलासुरला पाव नव्हे.

साबीनो : आणि पत्ता तरी कसला, तर नकाशात नसलेल्या गल्लीचा.

लोरेदाना : प्रत्येक गावात अशी एक गल्ली असते. ज्यांना दार नाही त्यांच्यासाठी कागदावर काढलेली.

साबीनो : असेल. पण नाव बघा काय ठेवलंय! व्हिया देल्ला पात्सिएन्त्सा. सबुरीची गल्ली! एवढी थट्टा नगरपालिकेला शिकवली कुणी? आणि सगळ्यांचं घर क्रमांक एक. तो अकॉर्डियनवाला रुमानियन, ती कबुतरांशी भांडणारी म्हातारी, स्टेशनवरची पोरं, सगळे एका दारात. सकाळी जिन्यावर चेंगराचेंगरी होत असेल.

लोरेदाना : हसा. पण त्या म्हातारीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते त्याच पत्त्यावर. ती आता कबुतरांच्या मागे पळत भांडते.

साबीनो : मला नको डॉक्टर. मी घोड्यासारखा आहे. मला मत द्यायचंय. या महापौराला पाडायचंय मला, स्वतःच्या हातानं.

लोरेदाना : पाडा. त्यालाही हाच पत्ता लागतो. पण काका, खरं सांगा. दोनदा आला तो माणूस. दोन्हीदा तुम्ही त्याला पाहिलंत आणि पळालात. का?

साबीनो : पळालो नाही. कामाला गेलो.

लोरेदाना : चप्पल टाकून?

साबीनो : …घाईचं काम होतं.

लोरेदाना : आज तिसरी खेप आहे. आजही त्यानं 'इसम आढळला नाही' असं लिहिलं तर अर्ज फेटाळतील. मग पुन्हा पहिल्यापासून, नवा अर्ज, नवा हिवाळा. मला हात जोडायला लावू नका.

साबीनो : तुम्हाला काय जातं हो बोलायला! निळा गणवेश कशाला येतो, ते तुम्हाला पुस्तकात कळतं, मला पाठीवर. गेल्या हिवाळ्यात निळेच आले होते. मागे कचऱ्याची गाडी. घोंगडी गेली, बूट गेले, माझे रंगाचे ब्रश गेले. चाळीस बोटींना रंग दिला होता त्या ब्रशांनी. बाकावर झोपलो म्हणून वर दंड! आणि दंडाची नोटीस पाठवली कुठं ठाऊक आहे? ज्या खोलीतनं मला बाहेर काढलं, तिथंच!

लोरेदाना : ठाऊक आहे. त्याविरुद्ध मीच लिहिलं. माणसाचं सामान कचरा म्हणून उचलता येत नाही, पुठ्ठ्यावर ठेवलेलं असलं तरी. तो दंडही रद्द होईल. पण तुम्ही कुणीतरी आहात, असं आधी कागदावर असू दे. जो नोंदीतच नाही त्याच्या बाजूनं भांडताना समोरचा मला विचारतो, बाई, कुणासाठी भांडताय?

साबीनो : …फोकाच्चा घ्या. बेकरीवालीनं सकाळी दिला. टोमॅटोची बाजू तुम्हाला.

लोरेदाना : द्या. आणि विषय बदलू नका.

साबीनो : मी कुठं काय… थांबा. कोण येतंय ते?

(कोपऱ्यावरून निळा गणवेश वळला. साबीनोचा हात आपसूक गाठोड्याकडे गेला. लोरेदानानं तो घट्ट धरून ठेवला.)

लोरेदाना : काका, नाही. बसा. मी आहे ना.

साबीनो : सोडा मला, वकीलबाई. सोडा. बसवत नाही मला.

लोरेदाना : एकटाच आहे तो. मागे गाडी नाही, काही नाही. बसा माझ्यासाठी.

रुजेरो : बों जोर्नो! आज तरी पळू नका, साबीनोमामा. गुडघे दुखतात हो माझे.

साबीनो : …कोण? हा आवाज… मारियेत्ताचा रुजेरो?

रुजेरो : मग दुसरा कोण? दोनदा हात हलवला तुम्हाला. हेल्मेट काढून उभा राहिलो. दुसऱ्यांदा तर त्या खांबापाशी होतो, इथून हाकेवर.

साबीनो : हाक मारलीस ती 'देलवेक्कियो साहेब' अशी! आडनावानं मला फक्त दंडवाले बोलावतात.

रुजेरो : सरकारी काम होतं, म्हणून म्हटलं नीट बोलावं. वाटलं, तुम्ही माझं तोंडसुद्धा बघायला तयार नाही. हा गणवेश अंगावर चढवला म्हणून रागावलात. आईला सांगितलं मी घरी. ती जेवली नाही त्या दिवशी. म्हणाली, ज्या माणसानं आपली बोट रंगवली, तुझ्या हातात पहिला ब्रश दिला, तो तुला बघून पळतो, म्हणजे तूच काहीतरी केलं असणार.

साबीनो : मारियेत्ता जेवली नाही? अरे देवा. तिला सांग, राग नाही. तुझ्यावर कसला राग? बोटीपेक्षा जास्त रंग स्वतःच्या नाकाला लावायचास तू.

रुजेरो : मग पळालात का?

साबीनो : …ऊन होतं समोर.

रुजेरो : बरं, ऊन तर ऊन. आता येऊ का आत?

साबीनो : ये ना. पण पाय पूस. हो, तिथं, त्या पुठ्ठ्यावर. माझं घर आहे हे.

रुजेरो : पुसले. घर हवेशीर आहे, मामा.

साबीनो : चारी बाजूंनी.

रुजेरो : आता मला विचारावं लागतं, हसू नका. झोपता कुठं?

साबीनो : तू उभा आहेस तिथं. डोकं भिंतीकडे, पाय समुद्राकडे.

रुजेरो : रोज?

साबीनो : वादळ असलं की पलीकडच्या कमानीत. ते माझं उन्हाळ्याचं… नाही, हिवाळ्याचं घर.

लोरेदाना : काका! एकच जागा सांगा. एकच.

रुजेरो : असू दे, वकीलबाई. कमान तीच आहे, बाजू दुसरी. शेजारीपाजारी कुणी ओळखतं?

साबीनो : बेकरीवालीला विचार. तो खेकडेवाला, त्याला विचार. त्याला नको विचारूस, त्याच्याशी पत्त्यांच्या डावावरनं भांडण झालंय. पण त्यालाच विचार, शिव्या देईल. अनोळखी माणसाला कुणी इतक्या शिव्या देत नाही.

रुजेरो : येतानाच विचारलं. दिल्या त्यानं. झालं माझं काम. लिहितो. 'सदर इसम नमूद ठिकाणी नेहमी राहत असल्याचे दिसून आले. इसम जागेवर आढळला.'

साबीनो : शेवटचं परत वाच.

रुजेरो : 'इसम जागेवर आढळला.'

साबीनो : आढळला. ऐकलंत, वकीलबाई? मी आढळलो.

लोरेदाना : ऐकलं. …नाही, रडत नाहीये मी. मिरची लागली तुमच्या फोकाच्च्यात.

साबीनो : त्यात मिरची नाही.

रुजेरो : आजच दुपारी वर देतो हे. आणि मामा, रविवारी जेवायला या. आई शिंपल्यांचा भात करेल. नाही आलात तर मी येईन शोधायला, आणि मला तुमचा पत्ता ठाऊक आहे. निघतो. वकीलबाई, आभार तुमचे.

लोरेदाना : तुमचेच आभार. …गेला. काका, बसा आता निवांत. गाठोड्यावरचा हात काढा.

साबीनो : काढला. कसा हलका झाला बघा. बोट पाण्यात सोडली की दोर हातातनं सुटतो, तेव्हा असा होतो.

लोरेदाना : नोंद झाली की आपण दोघं आरोग्य कचेरीत जाऊ. तुम्ही तुमचा डॉक्टर निवडायचा. बंदराजवळ एक बाई आहेत, सावकाश ऐकून घेणाऱ्या. आणि 'मी घोड्यासारखा' हे त्यांना सांगायचं नाही. त्या विचारतील, काय होतंय? तेव्हा काय सांगाल?

साबीनो : ऊन नव्हतं, वकीलबाई. दोन्ही दिवस ढग होते.

लोरेदाना : मग?

साबीनो : निळं दिसतं. नुसतं निळं, धुक्यातल्या पाण्यासारखं. वरचं तोंड दिसत नाही. तो मारियेत्ताचा पोरगा आहे की कचऱ्याच्या गाडीवाला, हे कळायला तो बोलावा लागतो. तोपर्यंत थांबायचं धाडस होत नाही, म्हणून पळतो.

लोरेदाना : कधीपासून?

साबीनो : पुष्कळ दिवस झाले. आधी कडा गेल्या, मग माणसं.

लोरेदाना : आणि मला सांगितलं नाहीत? इतक्या महिन्यांत?

साबीनो : रस्त्यावर हे सांगत नसतात, बाई. आंधळ्याचं गाठोडं पहिलं जातं. आणि सांगून करायचं काय होतं? डॉक्टर नाही, पत्ता नाही. ज्याला दारच नाही त्यानं दुखणं ठेवायचं कुठं? …आता आहे दार. म्हणून सांगतो.

लोरेदाना : मोतीबिंदू असेल, काका. बहुधा तोच. काढतात तो. दिसायला लागतं.

साबीनो : लागतं का? बरं होईल मग. इतके महिने येताय तुम्ही, वकीलबाई, आणि दिसता कशा, हे मला ठाऊक नाही.