माझा तिसरा निरोप आणि पहाटेचा भोंगा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सभेचे चिटणीस योथाम अदगाला, वार्षिक सभेच्या मुख्य कचेरीतून एवढी चढण चढून आलेले प्रमुख पाहुणे अलुसिओला साहेब, पाळक एनॉस, व्यासपीठावर खुर्ची मिळालेली वडीलधारी मंडळी, खुर्ची न मिळाल्यामुळे तोंड पाडून खाली बसलेली वडीलधारी मंडळी, पांढरे रुमाल बांधून आलेल्या महिला मंडळाच्या माझ्या बहिणींनो आणि मित्रहो,

मित्रहो म्हटलं की आपण क्वेकर लोक सगळे आलेच त्यात, आपल्या पंथाचं नावच मुळी मित्रांची सभा. मग वरची एवढी नावं कशाला घ्यायची, असं मी योथामला विचारलं. सगळी टेकडी मला गुकू, म्हणजे आजी म्हणते; तोही म्हणाला, "गुकू, रीत आहे." रीत आहे म्हणून घेतली. कोणाचं राहिलं असेल तर त्यानं जेवताना माझ्याजवळ येऊन रुसावं.

पाहुण्यांना कोणी सांगितलंय की नाही ठाऊक नाही, म्हणून मीच सांगते. साहेब, हा माझा तिसरा निरोप समारंभ आहे. तुम्ही मघाशी फार सुंदर बोललात. पहिल्या दोन्ही वेळचे पाहुणेही सुंदरच बोलले होते. पण मी इथेच आहे.

निरोप ज्या कामाचा ते काम काय, तर पहाटेचं चिंतन. तेव्हाच्या पाळकांचा घसा बसला होता. मला म्हणाले, "आठवडाभर तेवढं प्रार्थनाघराच्या भोंग्यावरून बोला. देवाबद्दल, शेजाऱ्याबद्दल, सुचेल ते." मी चार बुकं शिकलेली नाही. मला सुचणार ते काय? कोणाची कोंबडी कोणाच्या भाजीत गेली, कोणी रागानं कुंपण हातभर पुढे सरकवलं, कोणाच्या सुनेला चुलीजवळ बसू देत नाहीत, हेच. प्रत्येकाच्या आत देवाचा उजेड असतो असं आपण म्हणतो ना, मग मी म्हणायची, कुंपण सरकवताना तो विझवून ठेवला होता का? लोकांना आवडलं. पाळकांचा घसा सुटला, ते बदलून गेले, त्यांच्यामागून आणखी दोन आले. मी मात्र भोंग्याखालीच राहिले.

आता तुम्ही म्हणाल, नको होतं तर नाही म्हणायचं. म्हणून बघा! आपल्याकडे हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळे गप्प बसतात, चिटणीस विचारतात, सभा सहमत आहे का, आणि एकानं जरी उठून सांगितलं की माझ्या मनाला मोकळं वाटत नाही, तर गोष्ट तिथेच थांबते. चांगली रीत आहे. कोणी कोणाला तुडवत नाही. फक्त ज्याला सुटायचं असतं, तो मरतो.

पहिल्या निरोपाला मला घोंगडी मिळाली. प्रार्थना झाली, योथामनं विचारलं, आणि आपले हेझ्रॉन चवुलिमू उभे राहिले. हसू नका, ते समोरच बसलेत. म्हणाले, "माझ्या मनाला मोकळं वाटत नाही." का? "गुकूचा आवाज आला नाही तर माझी गाय पान्हा सोडत नाही." साहेब, एका गाईसाठी ही सगळी सभा मान खाली घालून गप्प बसली. आणि मग मी घोंगडी घेऊन घरी गेले.

दुसऱ्या निरोपाला महिला मंडळ उठलं. या सगळ्या जणी. रडल्या, गायल्या, माझ्या गळ्यात पडल्या. "आमचं तुझ्यावर प्रेम आहे, तुला कसं सोडू?" भांडून धरलं असतं ना, तर मी हिसका देऊन गेले असते. भांडणात माझा हात कोणी धरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण गळ्यात पडलेल्या बाईला हिसका कसा द्यायचा? त्यातून पहाटे पहाटे तुम्हाला प्रेम करायला सांगणारी मीच. माझ्याच दाव्यानं मला बांधलंत.

आणि मला जायचंय कुठे? राजवाड्यात नाही. किताले शहराच्या पलीकडे माझी धाकटी बहीण असते, दोरिका. नवरा गेला, पोरं पांगली, आणि आता डोळेही गेले. मक्याच्या शेताच्या कडेला एकटी असते. चूल हातानं चाचपून पेटवते. मागे तिनं फोन केला. मी म्हटलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "हात भाजलाय." मी म्हटलं, "शेजारी कोणी नाही का?" तर म्हणते कशी, "अगं, सगळ्या टेकडीला शेजाऱ्यावर प्रेम करायला शिकवतेस, एखाद्या दिवशी इकडच्या शेजाऱ्यांनाही भोंगा लावून सांग. नाहीतर स्वतः ये. तुझा आवाज तिथे माणसं ऐकतात, गाई ऐकतात. मला मात्र फोनवर ऐकावा लागतो."

आमच्या घराण्यात जीभ सगळ्यांनाच आहे.

तर आता तिसरा निरोप. यावेळी सगळं बांधून दिलंत तुम्ही. बाहेर गाडी उभी आहे, तिच्यावर माझी गादी चढली आहे, टोपलीत कोंबडी बसवली आहे. माझ्या जागी माणूसही शोधलंत. मिनायो. ऊठ गं, मिनायो, पाहुण्यांना दिसू दे. बस. आवाज गोड आहे, शिकलेली आहे. कडेवर पोर आहे, नवरा नैरोबीला. हेझ्रॉननं तिला गोठ्यात नेऊन गाईसमोर बोलायला लावलं म्हणतात. गाय राजी आहे. मग मी का राजी नसावं?

आज सकाळी मी मागं स्वयंपाकाकडे गेले होते. मिनायो भाजी निवडत होती. निवडलेली पानं कचऱ्यात टाकत होती आणि देठं पातेल्यात.

मी म्हटलं, "पाहुण्यांना काड्या खायला घालणार का?"

ती म्हणाली, "गुकू, एक विचारू? हे काम किती दिवसांचं असतं?"

"तुला काय सांगितलंय?"

"आठवडाभर म्हणाले."

मित्रहो, मी खाली बसले. मलाही आठवडाभरच सांगितलं होतं.

तिला नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळाली आहे. जानेवारीत जायचंय. पोराला आई सांभाळणार आहे. हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. मी म्हटलं, "मग नाही का म्हणाली नाहीस?" ती म्हणाली, "सगळे इतक्या प्रेमानं बोलत होते, गुकू. मध्ये 'नाही' कुठं ठेवणार?"

आता माझं काय करायचं सांगा. मी गाडीत बसले, तर ही पोरगी भोंग्याखाली म्हातारी होणार. मी उठून म्हटलं की मोकळं वाटत नाही, तर दोरिका पुन्हा हात भाजून घेणार. सकाळपासून मी इकडून तिकडे नुसती फिरते आहे. तुमचे हार गळ्यात पडले तेव्हा मी हसले नाही, तर तुम्ही म्हणालात, गुकूचं मन भरून आलं. मन नाही भरून आलं. वाट सापडत नव्हती.

चिटणीस, मला मिनायोचं नाव मान्य नाही. माझ्या मनाला मोकळं वाटत नाही. बघा, आता माझ्याच निरोपात मीच आडवी आले. थांबा, कुजबुज नको. गादी उतरवायला धावू नका. आडवं येणाऱ्यानं दुसरी वाट सुचवायची असते, तीही रीतच आहे.

भोंगा बंद करा.

माझं ऐका. मागच्या पावसात आपला एझ्रा म्हातारा दोन दिवस तापानं पडून होता. कुठे? भोंग्याच्या अगदी खालच्या घरात. त्या दोन्ही पहाटे मी शेजाऱ्याची विचारपूस करा असंच बोलत होते. तुम्ही ऐकलंत, मान डोलावलीत, चहा प्यालात. मीही बोलले आणि घरी जाऊन चहा प्याले. तिसऱ्या दिवशी त्याची शेळी ओरडायला लागली, तेव्हा त्याला पाणी मिळालं. आमच्यापेक्षा शेळीचं चिंतन बरं म्हणायचं. साहेब, मुळात क्वेकर गप्प बसून देवाचं ऐकायचे म्हणे. आपल्याला गाणी आवडतात, ढोल आवडतो, असू दे. रविवारी वाजवा. पण पहाटे तेवढं गप्प बसून बघा. कोण कण्हतंय ते तरी ऐकू येईल.

म्हणजे मिनायो शिकायला जाईल, मी बहिणीकडे जाईन, आणि कोणी कोणाच्या जागी बांधलं जाणार नाही. योथाम, विचार सभेला. नंतर नको. नंतर तुम्ही जेवाल, मग झोप येईल, मग पुढच्या महिन्यात बघू म्हणाल. आत्ता विचार. मी तोवर गप्प बसते, हीच मोठी गोष्ट समजा.

बरं. वडीलधारे हो म्हणाले. महिला मंडळ, तुम्ही? रडत म्हटलंत तरी चालेल, पण म्हणा. म्हणाल्या. मिनायो? ऐकू आलं नाही. हं, आता आलं.

हेझ्रॉन उभा राहिला. बोल बाबा. टोपी कुस्करू नकोस, बोल.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल, सांगते. हेझ्रॉन म्हणतो, "माझ्या मनाला मोकळं वाटत नाही. पण मी वाटेत उभा राहत नाही. गुकूनं जावं."

बस खाली. इतकी वर्षं मी जे सांगत होते, ते तू एका वाक्यात सांगितलंस. म्हणून काही उद्यापासून तूच भोंग्यावर बोलायला लागू नकोस. गाईशी तूच बोल. बायकोशीही अधूनमधून बोललास तर ते फुकट जाणार नाही.

आता आभार. अध्यक्षांचे, त्यांनी रीत पाळली म्हणून. पाहुण्यांचे, त्यांनी घड्याळाकडे चोरून पाहिलं, उघड पाहिलं नाही म्हणून. स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे, आणि भाजीत देठ लागलं तर मिनायोला बोलू नका. तुम्हा सगळ्यांचे आभार, तुम्ही मला धरून ठेवलंत त्याबद्दल आणि सोडलंत त्याबद्दल. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाला लागलं असेल, तर क्षमा करा. लगेच जमत नसेल तर सावकाश करा, पण मला थांबवून सांगू नका. दोरिका चूल पेटवायच्या आत मला पोचायचंय.