तिसऱ्या पानावरची आई

कोरियातल्या कांगजिन गावच्या बसस्थानकात राजधानी सोलच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. समोर गावानं कापडी फलक टांगला होता, ‘कादंबरीला मानाचा पुरस्कार! आपली लेक बोरम हिचं अभिनंदन!’ वाऱ्यानं तो फुगत होता, आणि त्याच्याखाली दोघी म्हाताऱ्या टेकल्या होत्या.

“बोरमची आई, वाचलंस का गं लेकीचं पुस्तक?”

“वाचलं की. तिसऱ्या पानावरच मी मेले.”

“अगंबाई! पण कादंबरी ना ती? तूच कशावरून?”

“नाव बदललंय. शिव्या माझ्याच आहेत.”

“आणि बोरमचे बाबा? ते तर खरंच गेले.”

“तिथं ठणठणीत आहेत. शहाणेसुद्धा झालेत.”

“बाई गं! तुझ्यासाठी रडली तरी का लेक?”

“पानंच्या पानं रडलीय. फोन मात्र भातकापणीपासून नाही.”

“आजच्या समारंभाला तरी बोलावलंय ना?”

“मेलेल्या माणसाला कोण बोलावतं?”

“मग नटूनथटून, हा एवढा डबा फडक्यात बांधून निघालीस कुठं?”

“सोललाच. मुळ्याची किमची आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय तिनं, आईच्या हातची ती चव आता जन्मात मिळायची नाही.”