सहा मिनिटांचं गाणं

मंडळी, ऐका. नामाचा गजर झाला, हात जोडून झाले — आता ते हात मांडीवर ठेवा आणि फोन मांडीखाली! हो, मांडीखालीच! वर बसलात की निदान वाजला तरी तुम्हालाच कळेल.

पूर्वरंगात आपण नवविधा भक्ती पाहिली. पहिली भक्ती कुठली? श्रवण! दुसरी? कीर्तन! म्हणजे माझा नंबर दुसरा आणि तुमचा पहिला. खूश झालात ना? एवढ्यात खूश होऊ नका. मला एक सांगा — जे आपण पुरतं ऐकलंच नाही, त्याच्यावर मत द्यावं का? कुणाला नावं ठेवावीत का?

नाही! वा, काय एका सुरात म्हणालात! देवळात सगळेच नाही म्हणतात हो. पायरी उतरून चपला शोधेपर्यंत तीनदा मत देऊन झालेलं असतं — बुवा आज काही रंगले नाहीत, पेटीवाला बरा होता! हसताय? बरं, हसा. आणि आता गोष्ट ऐका. पुराणातली नाही, मिरजेतली आहे.

मिरजेत रावसाहेब शिरगुप्पे म्हणून एक गृहस्थ. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, चौतीस वर्षं! कोण किती वाजता आला, कोण किती वाजता सटकला, हेच लिहिण्यात नोकरी गेली. निवृत्त झाले, पण मनगटावरचं घड्याळ काही उतरलं नाही. बसले की पाय हलतोय. जेवताना डोळा दारावर. बायको, सुशीलाबाई, काही सांगायला लागली की हे — "पुढं?" अहो, तिचं पहिलंच वाक्य चाललंय! तरी हे — "हां, कळलं, पुढं बोल!" तुमच्या घरी आहे का असं कुणी? ... बायका हसल्या. पुरुष छताकडं बघतायत. म्हणजे आहे!

पण या घाईच्या माणसाचा जीव एका ठिकाणी अडकला होता. मल्हारराव इंगवले! इंगवले बुवा! पन्नास वर्षं गायले, चाली दिल्या, एका पिढीचं तरुणपण त्या आवाजावर गेलं. रावसाहेबांकडं बुवांची प्रत्येक कॅसेट. 'इंगवले श्रोता मंडळ' यांनीच काढलं. पूर्वी वाचनालयात जमायचे, आता फोनवर जमतात — दीडशे माणसं! गायन शाळेच्या बाया, भजनी मंडळवाले, पेटीवाले, तबलजी. त्यात रावसाहेबांचा शब्द शेवटचा. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊ म्हणाले की झालं!

आणि या मंडळात रावसाहेबांचा लंगोटीयार — दस्तगीर शिकलगार. मार्केटच्या मागच्या गल्लीत पेट्या दुरुस्त करायचं दुकान. पेटीचा भाता शिवावा दस्तगीरभाईंनी, सूर जुळवावा दस्तगीरभाईंनी! अलीकडं ऐकू कमी यायचं, डाव्या कानात यंत्र बसवलं होतं. पण काम कसं करायचे माहितेय? हनुवटी पेटीच्या लाकडाला टेकवायची, डोळे मिटायचे, आणि सूर हाडातून ऐकायचा. एवढासा फरक असला तरी पकडायचे. पेटी घेऊन गेलेला माणूस तक्रार घेऊन परत आला नाही!

तर काय झालं — बारा वर्षं गप्प बसलेले इंगवले बुवा, वय वर्षं एक्याऐंशी, एका नव्या सिनेमासाठी गायले. 'बैस जरासा, निघण्याआधी' असं गाणं. सिनेमात मुलगा परदेशी निघालाय आणि बाप त्याला म्हणतोय, बैस रे थोडा. सकाळी नऊ वाजता गाणं फोनवर आलं. नऊ वाजून सहा मिनिटांनी रावसाहेबांचं मत ग्रुपवर!

काय मत? "फार वाईट वाटलं. ठेका पळतोय. आवाज कापतोय. बुवांना श्वास घ्यायला उसंत नाही. सिनेमावाल्यांनी म्हाताऱ्याला पळवलंय. बुवांनी आता थांबावं."

पेटलं की हो! कुणी लिहिलं — भाऊ, अगदी मनातलं बोललात! कुणी — पूर्वीचे बुवा राहिले नाहीत. एकानं तर लिहिलं — मी गाणं ऐकलं नाही, आणि आता ऐकणारही नाही! वा रे पठ्ठ्या! आणि जे ऐकून आले होते, त्यांची गंमत तर विचारूच नका. त्यांना गाणं आवडलं होतं! पण भाऊंचं वाचलं आणि त्यांनी परत लावलं, आणि त्यांनाही आवाज कापल्यासारखा वाटायला लागला! आपल्या कानावर आपलाच भरवसा नाही. हे आपल्यात चालतं की नाही? चालतं!

दोन दिवस हेच. सकाळी उठलं की भांडण. सिनेमावाले वाईट, बुवा लोभी, नाही बुवा थोर, नाही बुवा संपले! शेवटी दस्तगीरभाईंनी लिहिलं. ते कधी लिहायचे नाहीत. लिहिलं — "रावसाब, गाणं सहा मिनिटांचं आहे. संथ आहे. दोन ओळींमध्ये बुवा थांबतात, तिथं त्यांचा श्वास ऐकू येतो. बापाचा श्वास आहे तो. मी रडलो. तू परत ऐक."

परत ऐक! रावसाहेबांना परत ऐक! त्यांनी घड्याळ काढलं, गाणं लावलं, सेकंदकाट्यावर नजर. आणि लिहिलं — "चार मिनिटं. बरोबर चार. मी चौतीस वर्षं वेळ मोजलीय." कुणीतरी म्हणालं, भाऊ, पडद्यावर सहा लिहिलंय की! हे म्हणाले, तिथं काहीही लिहितात, माझं घड्याळ खोटं बोलत नाही!

आणि मग, मंडळी, त्या तिरमिरीत रावसाहेबांनी आणखी एक ओळ लिहिली. "दस्तगीरला हल्ली यंत्राशिवाय ऐकू येत नाही. त्याच्या ऐकण्यावर कुणी जाऊ नये."

लिहिलं. पाठवलं. चहा प्यायले.

अहो, कुठं लिहिलं हे? गाणाऱ्या-वाजवणाऱ्या दीडशे माणसांच्या ग्रुपवर! सूर जुळवून पोट भरणाऱ्या माणसाबद्दल! दोस्तीत तोंडावर चारचौघांत 'बहिऱ्या' म्हणाला असता तर दस्तगीरभाई हसले असते. पण हे छापल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाचा माणूस आला — "चाचा, पेटी द्या, जरा घाई आहे." अजून सूर जुळवायचे होते, उघडी पेटी तशीच नेली. मग गायन शाळेतल्या बाई आल्या. फार गोड बोलल्या हो! गोड बोलून दोन्ही पेट्या रिक्षात घालून गेल्या. आठवडाभरात दुकानाची फळी रिकामी. ग्रुपवर फक्त एक बारीक करडी ओळ आली — दस्तगीर शिकलगार गेले. ग्रुपमधून हो! पण वाचताना काळजात चर्र झालं असेल की नाही?

रावसाहेबांच्या झालं. पण कबूल करतील तर शपथ! "रागवला असेल, येईल." आला नाही. रावसाहेबांना घरात बसवेना, बाहेर फिरवेना. रोज संध्याकाळी मार्केटपर्यंत जायचे, गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे, आणि कोथिंबीर घेऊन परत. रोज कोथिंबीर! सुशीलाबाई म्हणाल्या, "अहो, ही पाचवी जुडी. मला काही सांगायचंय का तुम्हाला?" हे म्हणाले, "पुढं?" आता काय करावं या माणसाचं!

पुढं काय झालं — एक सकाळ. रावसाहेब मोरीत दाढी करतायत. स्वयंपाकघरात बाईंनी स्वतःच्या फोनवर काहीतरी लावलंय. आणि रावसाहेबांचा वस्तरा थांबला. एक म्हातारा आवाज. सावकाश. एक ओळ म्हणतोय, थांबतोय, दम घेतोय. वाटतं, आता पुढची ओळ येणार नाही. आणि येते! रावसाहेब साबणाच्या तोंडानं स्वयंपाकघराच्या दारात आले. डोळ्यांतून धारा! "अगं, कुठलं गाणं हे? कुणाचं? असं गाणं मी किती वर्षांत ऐकलं नाही गं!"

सुशीलाबाई पोळी लाटायच्या थांबल्या. म्हणाल्या, "अहो, तुमच्याच बुवांचं ते. ज्याला तुम्ही पंधरा दिवस शिव्या घालताय."

"शक्यच नाही! ते वेगळं आहे!"

"आणा बरं तुमचा फोन."

फोन आणला. गाणं लावलं. तेच शब्द, तोच आवाज — पण पळतोय! बाईंनी चष्मा लावला, पडद्यावर इकडं तिकडं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे बघा. इथं वेगाचं दीडपट केलंय."

"कुणी केलं?"

"तुम्हीच! ते कीर्तनकार बुवा लांबण लावतात म्हणून नाही का मागं केलं होतं? तेव्हापासून सगळं तसंच वाजतंय. बातम्याबिम्या तुम्ही दीडपटीतच ऐकता. मला वाटलं, तुम्हाला माहितेय!"

आता तो कीर्तनकार कोण — मला विचारू नका! मला माहीत आहे, पण सांगणार नाही. मंडळी, जुन्या गाण्यांना यांच्याकडं कॅसेट. ती आपल्या चालीनं चालते. फोनवर गाणं असं हे एकच ऐकलेलं. सहा मिनिटांचं गाणं दीडपटीनं चार मिनिटांत संपतं. हिशेब चोख! घड्याळ खरं होतं. माणूस चुकला होता.

रावसाहेब मटकन खाली बसले. वाईट कशाचं वाटलं? गाण्याचं? छे! बुवा थोरच होते, ते यांच्या मताची वाट बघत नव्हते. पण त्या गल्लीत एक माणूस रिकाम्या फळीसमोर बसला होता. ज्यानं खरं ऐकलं होतं त्याला यांनी बहिरा ठरवलं होतं! आणि मनात काय आलं सांगू? की हे घराबाहेर कुणाला कळलेलं नाही. दीडपट काढून टाकावी, ग्रुपवर लिहावं — परत ऐकलं, बरं वाटलं — आणि मोकळं व्हावं. आलंच होतं मनात! तुमच्या आलं नसतं? माझ्या आलं असतं बरं का, मी खोटं बोलत नाही.

अर्धी दाढी राहिली होती. टॉवेलनं साबण पुसला आणि तसाच माणूस निघाला. त्या दिवशी कोथिंबिरीला थांबला नाही.

दुकानात दस्तगीरभाई एक जुना भाता चिकटवत बसले होते. रावसाहेब दारातच सुरू झाले — "दस्तगीर चुकलं माझं फोन दीडपटीत होता मला कळलं नाही गाणं तू म्हणतोस तसंच आहे माफ कर!" — एका दमात! जशी सवय तशी माफी!

दस्तगीरभाईंनी मान वर केली. "काय?"

"अरे, माफ कर म्हणतोय!"

"यंत्र काढून ठेवलंय मर्दा. गिऱ्हाईकच नाही, तर सेल कशाला जाळायचे? मोठ्यानं बोल. आणि सावकाश."

मोठ्यानं! भर सकाळी, भर गल्लीत! समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं. चहावाला किटली घेऊन उभा. रावसाहेबांना घाम फुटला हो. फळीवर कागद होता, पेन्सिल होती, लिहून देता आलं असतं. हात गेलाही कागदाकडं. पण मग मागं घेतला. लिहिण्यानंच तर हे सगळं झालं होतं.

"दस्तगीर! मी — गाणं — नीट — ऐकलंच — नव्हतं! तुझे कान — बरोबर होते! चुकलो — मी!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. दस्तगीरभाईंनी बोटांवरचा डिंक काढला. मग म्हणाले, "ग्रुपवर लिहिलंस?"

"आधी — तुझ्याकडं — आलो!"

"बरं केलंस. आता इथं बसून लिही. आणि लिहिताना एकेक शब्द मला वाचून दाखव."

लिहिलं! फोन दीडपटीत होता, इथपासून सगळं लिहिलं. दीडशे माणसांसमोर फजिती. लोक हसले, अजून हसतात. भजनी मंडळाची पेटी परत आली. गायन शाळेच्या बाई काही आल्या नाहीत, त्यांना दुसरा माणूस मिळाला होता. ते नुकसान दस्तगीरभाईंचं झालं ते झालंच. मी गोष्ट गोड करून सांगत नाही तुम्हाला.

मग दस्तगीरभाईंनी डबीतून यंत्र काढलं, कानात घातलं. फोन त्या जुन्या पेटीवर ठेवला, हनुवटी लाकडाला टेकवली आणि म्हणाले, "लाव." दोघांनी गाणं ऐकलं. मध्येच रावसाहेब काहीतरी बोलायला गेले, तर दस्तगीरभाईंनी नुसता हात वर केला. सहा मिनिटं, मंडळी! पुरती सहा!

झालं आख्यान. आता तुम्ही. कुठं निघालात? बसा! रावसाहेबांना हसलात ना? मग मला सांगा — आज देवळाला निघताना घरात कुणीतरी तुमच्याशी बोलत होतं. आई असेल, सून असेल, अंथरुणावरचे वडील असतील. तुम्ही चपला घालत "हो हो, कळलं" म्हणालात. काय सांगत होतं ते माणूस? ... सांगा की! ... तुम्ही सांगा, खांबापाशी बसलेले! ... नाही आठवत? वाक्य पुरं तरी झालं होतं का त्याचं?

मग असं करा. आज आरतीला थांबू नका. खरंच सांगतोय. सरळ घरी जा, त्या माणसाजवळ बसा आणि म्हणा — मघाशी काय म्हणत होतीस, पहिल्यापासून सांग. आणि ते सांगून होईपर्यंत "पुढं" म्हणू नका. आरती आम्ही म्हणतो. तुम्ही जा.