पास परत करायचाय

अतिदक्षता विभागाबाहेर, माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“मावशी, मी देवाचं नाव घेणं सोडलं. नऊ दिवस भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय.”

“बरं, सोड. आधी चहा घे, झाकणात ओतलाय.”

“तुम्हाला नाही होत असं?”

“होतं की. काल तर कडाकडा भांडले त्याच्याशी. म्हटलं, आता माझं काय काम उरलंय, तेवढं सांग.”

“बोलला काही?”

“तो कुठला बोलतोय! पण तू डोळ्यांसमोर आलीस. इथे उपाशी बसलेली.”

“आणि काका कसे आहेत?”

“काल दुपारी गेले गं.”

“मावशी! मग आज वॉचमनने आत सोडलं कसं?”

“पास परत करायचाय म्हटलं. पी तू, निवतोय.”